दफ्तरदारांनी बैठक साधिली त्याची हकीकत

श्रीधरणीमाता प्रसन्न, जिने सर्वांचा भार मुकाट सोसिला. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरे, एके राज्यी (नाव लिहिण्याची आज्ञा नाही) भिकाजीपंत दफ्तरदार होते. त्या राज्याची चाल ऐसी की दसऱ्याचे दरबारी मानकऱ्याने सिंहासनापुढे भुईवर बसोन विडा घ्यावा आणि भुईस हात न टेकिता उठावे. हात टेकिला त्याचे पद गेले. पंत वीस वर्षे लोडास टेकोन राज्य राखीत होते. श्रावणमासी जेवोन पाटावरून उठू लागले तो उठवेना. कुटुंबास म्हणाले, "हात द्या." बाई बोलिली, "घरी देत्ये हो, दरबारात कोण देईल?" दुसरे दिवशी पंत तालमीत येसबा वस्तादांकडे दाखल जाहले.

वस्तादांनी चार पाट एकावर एक रचिले आणि म्हणाले, "पंत, ह्यावर बसा न् उठा. टाचा उचलायच्या न्हाईत. गुडघं बोटांच्या दिशेला, आत पडू द्यायचं न्हाईत. छाती वर, पाठ सरळ. दहा दिसांनी एक पाट काढू." पंत हसोन बोलिले, "आम्ही राजमान्य. रिकाम्या खांद्याने बसणे आम्हास शोभत नाही. आमचे मानाजोगी वाळूची गोणी आणवा." वस्ताद म्हणाले, "गोणीला तुमचा मान ठावं न्हाई." मग वस्ताद स्नानास गेले ती संधी साधोन पंतांनी गोणी खांद्यावर चढविली, आणि टाचा उचलल्या, आणि गुडघे एकमेकांस भेटले, आणि पंत जे खाली गेले ते तेथेच राहिले. पहिलवानांनी गोणी उतरवोन पंतांस बाहेर काढिले. आठ दिवस कमरेस लेप लावोन पालथे पडिले. मग निमूट पाटांपुढे आले आणि एक एक पाट उतरत दसऱ्यापूर्वी भुईस पोहोचले.

दसऱ्यास पंत पुढे जाहले, बसले, विडा घेतला आणि टाचा रोवोन सरळ उठले. हात भुईस लागला नाही. पंतांस आनंदे रडू आले. महाराज संतोष पावोन पंतांचे अंगी स्वहस्ते शेला घालावयास सिंहासनाचे बैठ्या गादीवरून उठू लागले, तो उठवेना. बाजूस भुईवर एक हात टेकिला, मग दुसराही टेकिला. सारा दरबार छताची नक्षी पाहात राहिला. दुसरे दिवशी हुकूम जाहला की, उठताना धरणीस हात लाविणे हे भूमिवंदन, पूर्वापार चालत आले आहे. न लावील तो उद्धट. पंतांचे दफ्तर गेले.

पंत तालमीत येवोन नवशिक्यांस बैठक शिकवू लागले. तिसरे दिवशी दारी मेणा उतरला, पडदे बंद. आतून हळूच पुसणे जाहले, "पाट किती आहेत?" पंत बोलिले, "चार आहेत. आपणासाठी पाचवा आणवितो."

तात्पर्य, दफ्तर गेले, गुडघे राहिले. लिहिणाराने ही हकीकत भुईवर बसोन लिहिली आणि उठतेसमयी दोन्ही हात टेकोन राजाज्ञा पाळिली.