दोघांची शिदोरी

एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर लिहिता आलं पाहिजे, आणि माझा त्यावर अजून भरवसा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. असलं काही लिहावं की नाही, हे विचारायला घरात कोणी नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "लिही. पन त्याइले वाईट वाटन असं लिहू नको." तेव्हा चुकलंमाकलं तर आधीच माफी मागतो आणि आमचे शेजारी सुखदेवआबा यांच्याबद्दल सांगतो.

आबा गावाबाहेर एकटे कधी जात नसत. भाजी घेऊन मोताळ्याच्या बाजाराला जायचं असलं आणि सोबत मिळाली नाही, तर ते धामणगावच्या स्टॉपवर बसमागून बस सोडत. एकदा त्यांनी सासरवाडीला निघालेल्या एका जावयालाच पटवलं. तो बिचारा दिवसभर मोताळ्यात वांगी विकून संध्याकाळी परत आला. सासरवाडी राहिली ती राहिलीच.

"एकटा मानूस म्हंजे बसमंदी राह्यलेलं सामान," आबा म्हणायचे. "कोनीबी उचलून नेते."

त्यांची शिदोरीही कायम दोघांची. भाकरी, ठेचा, कांदा, सगळं दुप्पट. मी मोताळ्याला कॉलेजात जाऊ लागलो तशी त्यांची सोबतीची चिंता मिटली आणि माझी डब्याची.

बाजारात आबा दोन पोती अंथरत. एकावर भाजी, दुसरं रिकामं. कोणी म्हणालं, "आबा, सरका ना जरा," की यांचं ठरलेलं उत्तर: "मानूस येऊन राह्यला."

हा येणारा माणूस म्हणजे तोताराम. दोघांनी जन्मभर शेजारी शेजारी बसून भाजी विकली. मग तोताराम विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले, पाय मोडला आणि सुरतेच्या कापड मिलमध्ये असलेला मुलगा त्यांना घेऊन गेला. पाय बरा झाला की येतो, असं ते सांगून गेले होते. पाय बरा झाला. पण आता त्यांच्याच्यानं एकट्यानं प्रवास होत नाही आणि मुलाला सुट्टी मिळत नाही. मी एकदा म्हणालो, "आबा, मग तुम्हीच जाऊन आणा."

"कसा जाऊ बे? सुरतेले जायाचं तं सोबत पायजे. अन् माही सोबत तं सुरतेलेच हाय."



मी बसमध्ये मोबाइलवर एक जपानी ॲनिमे बघायचो. जुन्या काळातले किल्ले, तलवारी, जादू. एक सरदार, दिसायला पोरगी पण वयानं शेकडो वर्षांची जादूगारीण, आणि एक ठेंगणा दाढीवाला लोहार, असे तिघे मिळून उत्तरेच्या डोंगराकडे निघालेले. आबांनी एक दिवस मान वाकवून विचारलं, "हे कुठी चालले?" तेव्हापासून मी खालच्या इंग्रजी ओळी वाचून त्यांना आपल्या बोलीत सांगू लागलो.

आबांना त्यातलं भलतंच दिसायचं. आकाशातून आग ओकणारा राक्षस आला, की मी श्वास रोखून धरायचो, आणि हे म्हणायचे, "ते राहू दे बे. त्याइनं सकाळपासून जेवन केलं का?" घोड्यावरून तर रोज भांडण. "घोड्याले चारा कोन टाकते? आतापर्यंत कोनी टाकलेला मले तं दिसला नाई."

मग बर्फाच्या घाटात लोहाराचा पाय मोडला. दोघांनी त्याला एका धर्मशाळेत ठेवलं, परत येतो म्हणाले आणि पुढे निघाले. लोहार खिडकीत बसून वाटेकडे बघत राहिला आणि तिथंच तो भाग संपला.

"पुढचं लाव."

"पुढचं अजून बनलंच नाही, आबा."

त्या दिवशी शिदोरी सुटली नाही. त्यानंतर रोज स्टॉपवर पहिला प्रश्न तोच. "आनाले गेले का नाई?" एकदा मी कंटाळून म्हणालो, "गेले." आबांनी विचारलं, "कोन्त्या रस्त्यानं? घाट तं बर्फानं बंद व्हता." मी मोबाइल खिशात घातला. "खोटं बोलाले शिकोते का तुहं कॉलेज?" एवढं म्हणून त्यांनी माझ्यापुढे भाकरी ठेवली.

शेवटी या महिन्यात मी वाचलं, की पुढचे भाग काढायचे की नाही हेच अजून ठरलेलं नाही. आबांना ते तसंच सांगितलं.

"म्हंजे त्याले आनाले कोनीच जाऊन नाई राह्यलं?"

"सध्या तरी नाही."

आबा मोताळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टॉपवर दिसले, ते धुतलेलं धोतर नेसून. भाजीचं गाठोडं नव्हतं. हातात शिदोरी, नेहमीसारखी फुगलेली. मलकापूरची बस आली आणि आबा चढायला लागले.

"आबा, कुठं?"

"मलकापुरून रेल्वे भेटते सुरतेची."

"थांबा, मी येतो सोबत."

"तुहा आज पेपर हाय. गपचूप जाय."

"पण तुम्ही एकटे?"

त्यांनी पायरीवरून वळून पाहिलं. दांडा घट्ट धरला होता. "जातानी एकटा हाय बे," ते म्हणाले. "येतानी नाई."

त्या दिवशी मी पेपरात काय लिहिलं ते मला आठवत नाही. आबांजवळ मोबाइल नाही, माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी तेवढी असते. काल नाही, परवा नाही, काहीच कळलं नाही. आज मीच बाजारात त्यांची दोन्ही पोती नेऊन अंथरली, एकावर कोथिंबीर ठेवली आणि दुसऱ्यावर कोणाला बसू दिलं नाही. दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे गाडीचा खडखडाट होता आणि कोणीतरी कांदा फोडायला सांगत होतं.

"कोन, पोट्ट्या? त्या जपानवाल्याइचं मले माहीत नाई," आबा म्हणाले. "मी गेलो. घेऊन येऊन राह्यलो."