पडदेवाडीचा अखंड उजेड

एका जंगलात एक ससा होता, पण बाळांनो, ही गोष्ट त्याची नाही. त्याच्या उजव्या डोळ्यात, अगदी मागच्या पडद्यावर, पडदेवाडी नावाचं गाव होतं. त्या गावाची ही गोष्ट. गाव इतकं लहान की नकाशात सापडायचं नाही. तरी त्याला सरपंच होता. डाव्या डोळ्यातलं गाव बाभळीच्या काट्यानं केव्हाच उजाड केलं होतं, त्यामुळे सशाची सगळी भिस्त पडदेवाडीवर होती.

पडदेवाडीची रीत जगावेगळी. अंधार असला की साऱ्या गावानं ‘अंधार आहे, अंधार आहे’ अशी हाळी देत बसायचं. उजेड आला की गप्प व्हायचं. वर सशाचं डोकं हे ऐकत असे. हाळी आली की ससा बिळात, हाळी थांबली की ससा चरायला.

गावाच्या मधोमध उजेडराव बसत. त्यांच्या मांडीवर एक वाकडी काठी असे. बाहेरून उजेडाचा एक कण येऊन लागला की काठी ताठ होई आणि तिच्याबरोबर उजेडरावही. मग ते बोलू लागत. निरोपे एकेक करून पुढे येत, ‘उजेड आला’ एवढं ऐकत आणि वेशीची दारं लावायला धावत. कण एक आणि निरोपे पाचशे. दारं लागली की हाळी बंद.

आता, उजेडरावांना बोलणं सुरू करता येई, थांबवता येत नसे. हा दोष तुम्ही मोठ्या माणसांत पाहिला असेल. म्हणून गावानं दोन माणसं नेमली होती. चुनेवाला धोंडू बोलणाऱ्या उजेडरावांच्या कोटावर चुन्याचे ठिपके देई. तीन ठिपके झाले की भागाक्का येई आणि त्यांच्या डोक्यावरून घोंगडी टाकी. घोंगडीखाली बोलणं थांबे, ठिपके पुसले जात, काठी पुन्हा वाकवली जाई, वेशीची दारं उघडत. बाहेर उजेड असला तर पुढचा कण येई आणि सगळं पहिल्यापासून. नसला तर गाव हाळी देई.

भागाक्काचं या कामाबद्दल कुणी कधी कौतुक केलं नव्हतं. तिलाही त्यात कौतुकाचं काही वाटत नसे. उतू जाण्याआधी दूध उतरवावं, तसं ते काम होतं.

पण उजेडरावांना घोंगडी टोचत होती. गावाचा घसा हाळी देऊन दुखत होता. सरपंच कौतुकरावांनी या दोन दुखण्यांवर एकच औषध काढलं आणि सभा बोलावली.

“उजेड आणणारा माणूस आपला,” सरपंच म्हणाले, “आणि त्याचं तोंड झाकणारी बाईही आपलीच. हे कसं चालायचं?”

“मी उजेड झाकत न्हाई, सरपंच,” भागाक्का म्हणाली. “येऊन गेला, एवढंच सांगते.”

“गेला असं म्हणायचंच कशाला? आला म्हणावं. चांगलं वाटतं.”

टाळ्या पडल्या. अखंड उजेड योजना एकमतानं मंजूर झाली. घोंगडी ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. भागाक्काला शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल सत्काराची होती, म्हणजे तिच्यातून पलीकडचं दिसत होतं.

त्याच संध्याकाळी मावळत्या सूर्याचा शेवटचा कण काठीला लागला. सूर्य बुडाला. उजेडराव बोलतच राहिले. ठिपके तिनाचे तेरा झाले, तेराचे चाळीस. उजेडराव त्यांना पदकं म्हणू लागले आणि धोंडूला जरा सरळ रांगेत लावायला सांगितलं गेलं. वेशीची दारं बंद. गावानं पाय पसरले. बाहेर काळोख दाटला आणि ससा निवांत चरत राहिला.

थोड्या वेळानं वरून, डोक्याकडून विचारणा आली. सरपंचांनी ती मोठ्यानं वाचली. “कान म्हणतो, पाचोळा वाजतोय. पाऊल कोल्ह्याचं वाटतं. डोळ्याचं काय म्हणणं?”

“कानाला म्हणावं, स्वतःपुरतं बघ,” सरपंच म्हणाले आणि उत्तर लिहिलं, “येथे लख्ख उजेड आहे. काळजी नसावी.”

ससा गेला तर डोळा गेला, डोळा गेला तर गाव गेलं. हे कळायला सरपंच असावं लागत नाही. भागाक्का कपाटाकडे धावली. किल्ली सरपंचांच्या कमरेला होती.

मग तिनं सत्काराची शाल काढली. तिची चौघडी केली, तरी पलीकडचं दिसत होतं. आठघडी केली. पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“लई झालं आता, उजेडराव,” ती म्हणाली आणि शाल त्यांच्या डोक्यावर घट्ट आवळून धरली.

उजेडराव अर्ध्या वाक्यात थांबले. निरोप्यांना निरोप मिळेना. वेशीची दारं कुरकुरत उघडली आणि गाव सवयीनं हाळी देऊ लागलं. अंधार आहे, अंधार आहे. ससा दचकला आणि बिळात घुसला. कोल्ह्याच्या तोंडात फक्त शेपटीचे चार केस राहिले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. विषय एकच होता, चांगल्या उजेडात अंधार कुणी आणला.

“ही बाई येईपर्यंत गावात अंधाराचं नाव नव्हतं,” सरपंच म्हणाले. “शिवाय शेपटीचं नुकसान झालं ते हिच्याच वेळी. शाल परत घ्या. ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत.”

हात वर झाले. धोंडूचा झाला, पाचशे निरोप्यांचे झाले, उजेडरावांचे दोन्ही झाले. भागाक्कानं ते सगळे हात पाहिले. एकूण एक जिवंत होते. तिला फार बरं वाटलं. मग फार राग आला.

तिनं शाल सरपंचांच्या पुढ्यात ठेवली.

“कपाटाची किल्ली कुठं ठेवता तेवढं सांगून ठेवा,” ती म्हणाली. “सांज रोज येती.”

वाक्य इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

तात्पर्य : कोल्हा अंधारात येतो. म्हणून शहाण्यानं ‘अंधार आहे’ म्हणणाऱ्याचा आधी बंदोबस्त करावा. मग कोल्ह्यानं खाल्लं तरी भर उजेडात खाल्लं, एवढं समाधान राहतं.