कोमलकुमाराचं उद्यापन

सुगंधाबाईंनी आयुष्यात दोन गोष्टी कधी अर्ध्यावर सोडल्या नव्हत्या. एक उपास आणि दुसरी पोथी. चौतीस वर्षांत त्यांचा एक शनिवार चुकला नव्हता. मुलाच्या, अजयच्या, वेळी कळा सुरू झाल्या तरी हातातला अध्याय संपवून, पोथीला नमस्कार करून मगच त्या बैलगाडीत चढल्या होत्या! आवाज मात्र असा मऊ, की मांजराला हाकललं तर मांजर आशीर्वाद मिळाल्यासारखं आणखी दोन पावलं आत येई.

तर अशा या सुगंधाबाईंसमोर एका रविवारी सकाळी त्यांची सून दिव्यानी तोंड पाडून बसली. दिव्यानी गडचिरोलीला दवाखान्यात नर्स. आरमोरीहून रोज एसटीने जाणं-येणं. त्या एसटीत बसून तिने मोबाइलवर चक्क एक कादंबरी लिहून काढली होती! नागपूरच्या एका प्रकाशकांनी कळवलं होतं, "छापू, पण आधी दहा वाचकांचे अभिप्राय आठ दिवसांत पाठवा."

"दहा वाचक कुठून आणू, आई? दवाखान्यात कोणाले टाइमच नाई."

"दहा?" सुगंधाबाई हसल्या. "दहा काय, पंचवीस देतो तुले! सात दिवसांत. माह्या वट्यावर पोथीले किती जण येतेत, पायलं नाई का?"

"पण हे पोथी नोहे, आई. कादंबरी हाय. हजार वर्सांनंतरची."

"मागचं सांगते ते पोथी मोठी, तं पुढचं सांगते ते आणखीन मोठी."

"प्रेमाची हाय, आई..."

"देवाधर्मात प्रेमच तं हाय, बाई."

दिव्यानी आणखी काही बोलणार, तोच सुगंधाबाईंनी हातावर पाणी घेऊन ताम्हनात सोडलंसुद्धा! सात दिवस, सात अध्याय, एकही अक्षर न गाळता. मग कादंबरीच्या झेरॉक्सचा गठ्ठा लाल फडक्यात बांधला, पाटावर ठेवला, वर हळद-कुंकू वाहिलं. झालं. कादंबरीची पोथी झाली!

आणि पोथी म्हटली की नेम आले. रोज एकच अध्याय वाचायचा, पुढचं पान उघडून पाहायचं नाही. अध्यायाच्या मधून कोणी उठायचं नाही. मुख्य श्रोता घरधनी. म्हणजे सुगंधाबाईंचे यजमान दादाजी. त्यांनी खांबाला पाठ टेकली, पाय पसरले आणि डोळे मिटले. चौतीस वर्षं सगळ्या पोथ्या त्यांनी अशाच ऐकल्या होत्या. शेवटी, पोथीत जसं उद्यापन सांगितलं असेल तसं मुख्य श्रोत्याने करायचं. ते राहिलं की सात दिवसांचं सगळं पाण्यात!

आसपासच्या जंगलातल्या वाघामुळे सगळ्यांना उजेडी घरी पोचायचं असे, म्हणून वाचन चार वाजताच सुरू झालं. ओटा भरला. शेजारच्या अंजनाबाई सगळ्यांत पुढे बसल्या. त्यांचे यजमान बापूराव, म्हणजे गावातले सगळ्यांत जोरकस मतांचे गृहस्थ, खुर्ची टाकून मागे.

सुगंधाबाईंना वाचनाची एकच चाल येत होती, पोथीची. त्याच चालीत त्यांनी सुरू केलं, "सन तीन हजार पंचवीस. चंद्रावरल्या काचेच्या घरात कोमलकुमार पापड लाटत बसला होता..."

"कोन?" अंजनाबाईंनी विचारलं.

"कोमलकुमार."

"पापड बाईनं लाटले अशीन. नीट वाच व."

सुगंधाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोमलकुमारच लाटत होता! तिकडे त्याची आई मंगळावरच्या खाणीत साहेब होती. बाप घरी स्वयंपाक करत होता. आणि त्या दिवशी कोमलकुमाराला पाहायला मुलीकडची मंडळी यानातून येणार होती. कॅप्टन वज्रा आली. पायावर पाय टाकून बसली. तिच्या मावशीने विचारलं, "मुलाच्या पोळ्या गोल होतात का? जरा चालून दाखव, बाळा."

मग बायांच्या रांगेतून असं हसू फुटलं की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली!

"घोर कलियुग!" बापूराव खुर्चीतून गरजले. "असं लिवते का कोनी? मी चाललो!"

"अध्याय संपला नाई, बापूरावभाऊ," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या.

बापूराव बसले. पोथीतून उठल्याचं पाप कोण घेणार?

रविवारचीही ड्युटी करून साडेपाचच्या एसटीने दिव्यानी आली. अंगणात पन्नास चपला, आणि सासूबाईंच्या गोड आवाजात आपली कादंबरी चालीवर! ती तशीच मागे वळून गोठ्यात म्हशीआड लपली. पुढचे सहा दिवस तिची जागा तीच.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. कोमलकुमाराचं लग्न लागलं. निरोपाची वेळ झाली. यानाच्या दारात त्याच्या बापाने त्याला पोटाशी धरलं. "बाळा, दिल्या घरी सुखी राहा. सासूबाईंना उलट बोलू नको. आता हे घर तुला पाहुण्यासारखं."

नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. बापूराव! दुपट्ट्यात तोंड लपवून स्फुंदत होते.

"अवो, काऊन रडून राह्यले?" अंजनाबाई थक्क!

"लेकराले... असं एकदम... परक्या घरी पाठोते का कोनी?"

अंजनाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "मी सोळा वर्सांची होतो," त्या म्हणाल्या. "सिरोंच्याहून आलो होतो. तुमाले मराठी येत होती, मले तेलुगू." एवढं बोलून त्यांनी पोथीकडे तोंड केलं. बापूरावांनी दुपट्टा आणखी वर घेतला.

तिसऱ्या अध्यायात तर दंगाच व्हायचा बाकी राहिला. कॅप्टन वज्रा कामावरून उशिरा घरी आली. कोमलकुमाराने दिवसभर झाडलं होतं, पुसलं होतं, रांधलं होतं. त्याने नुसतं विचारलं, "आज उशीर झाला?" तर ती म्हणाली, "तुला काय कळतं बाहेरच्या जगातलं? दिवसभर घरीच तर असतोस!"

बापूराव खुर्चीवरून उभे राहिले. "अशी बोलते का नवऱ्याशी! तो सकाळपासून राबून राह्यला! दोन गोड शबूद बोलाले काय पैसे लागतेत?"

सगळ्या बायांनी माना वळवून आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. पुरुषांना एकाएकी आपापल्या पायांचे अंगठे फार पाहण्यासारखे वाटू लागले! पोथीने असं कधी केलं नव्हतं. सुगंधाबाईंच्या अंगावर काटा आला. पान उलटताना त्यांनी त्या कागदाला एकदा हात जोडले.

चौथ्या दिवशी कोमलकुमाराने सासूच्या उपासाला कांदा घालून खिचडी केली आणि तिची बोलणी खाल्ली. पाचव्या दिवशी मात्र सुगंधाबाई दुसऱ्या पानावर अडखळल्या. यानातलं वजन नाहीसं झालं होतं. कॅप्टन वज्रा आणि कोमलकुमार हवेत तरंगत होते. आणि मग तिने... सुगंधाबाईंचे कान लालभडक झाले. पण संकल्प! एकही अक्षर न गाळता! त्यांनी देवाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि पुटपुटल्या, "मग तिने त्याच्या ओठांवर..."

"आवाज येऊन नाई राह्यला!" अंजनाबाई ओरडल्या.

"...ओठ टेकवले."

"आईकू नाई येत व! कोनाचे काय टेकले?"

"तिने त्याच्या ओठांवर ओठ टेकवले होऽऽऽ!" सुगंधाबाईंनी उभ्या आयुष्यातला सगळा आवाज एकदम लावला, तोही पोथीच्या चालीत. सवयीने सगळ्या ओट्याने हात जोडून "हरि हरि!" म्हटलं. दादाजींनी दचकून डोळे उघडले. आणि गोठ्यात दिव्यानीने म्हशीच्या पाठीवर कपाळ आपटून घेतलं.

अभिप्रायाचे कागद रोज वाटले जात होते, रोज भरून येत होते. अंजनाबाईंनी आपल्या अंगठ्याच्या ठशाशेजारी कोणाकडून तरी एक ओळ लिहवून घेतली होती, "हे हजार वर्षांनी होणार असेल तर मला तोवर ठेवा." बापूरावांनी पाठपोट लिहिलं होतं, "नायकाला चार दिवस माहेरी पाठवा. त्याच्या तब्येतीकडे कोणाचेच लक्ष नाही." दिव्यानी एसटीत ते कागद वाचून हसे, आणि धानाच्या बांध्यांकडे पाहत डोळे पुसे.

शुक्रवारी सहावा अध्याय. कॅप्टन वज्राचं यान हरवलं. घराच्या काचेला कपाळ लावून कोमलकुमार नवस बोलला, "ती सुखरूप परतली, तर सात जणींना मी माझ्या हाताने रांधून जेवू घालीन. तेच माझं उद्यापन." अध्याय संपला.

ओट्यावरच्या साठ माना सावकाश वळल्या आणि दादाजींवर येऊन थांबल्या.

दादाजींनी चौतीस वर्षांत चूल पेटवली नव्हती. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांच्याकडे चालत येई. ते ताडकन उठले. "मी उद्या ब्रम्हपुरीले चाललो. काम हाय."

"काय काम?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हाय काम!"

सुगंधाबाई भांडल्या असत्या तर दादाजींना बरं वाटलं असतं. त्यांनी पोथी फडक्यात बांधली, आत गेल्या आणि देवापुढे बसल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एक पोथी तुटणार होती, आणि तीही सुनेची! त्यांनी देवाला एवढंच सांगितलं, "पोरीच्या पुस्तकाले माह्या चुकीचा दोष लावू नको."

शनिवारी सकाळी दादाजी घरात नव्हते. सायकलही नव्हती. सुगंधाबाईंनी मुकाट्याने अंगण सारवलं. गेले म्हणायचे!

दुपारी त्या नदीवरून देवाचं पाणी घेऊन आल्या, तर स्वयंपाकघराला आतून कडी! आणि आत भांड्यांचा असा आवाज, जणू अस्वल शिरलंय!

"कोन हाय व आत?"

"कोनी नाई!" आतून दादाजी ओरडले. "बापूराव, कांदा बारीक काप गा!"

"कापून राह्यलो! डोयानं दिसते कोनाले?" बापूराव पुन्हा रडत होते. कांद्याने, की कोमलकुमाराच्या काळजीने, ते देव जाणे!

सुगंधाबाई दाराबाहेर उभ्याच राहिल्या. घागर डोक्यावरून उतरवायचंसुद्धा सुचेना. लग्न झाल्यापासून त्या या दारातून बाहेरच बघत आल्या होत्या. बाहेरून या दाराकडे बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

सातवा अध्याय वाचून झाला. यान सुखरूप परतलं. सात पाट मांडले गेले. अंजनाबाई बसल्या, म्हशीआडून ओढून आणलेली दिव्यानी बसली, चार शेजारणी बसल्या आणि सातव्या पाटावर सुगंधाबाईंना बसवलं. दादाजी आले. कमरेला टॉवेल, मिशीला पीठ. वांग्याची भाजी, भात, वरण आणि पोळ्या. पोळ्या गोल नव्हत्या. त्यातली एक तर हुबेहूब गडचिरोली जिल्ह्यासारखी होती, वरून खालपर्यंत लांबोळकी! पण कोणी हसलं नाही. बाया डोळे विस्फारून त्या पोळीकडे पाहत होत्या, जणू मूर्तीला घाम फुटलाय!

दादाजी वाढत वाढत सातव्या पाटापाशी आले. सुगंधाबाईंनी ताटावर हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आज शनिवार हाय," त्या म्हणाल्या. "मले उपास."

सगळ्या बायांनी कपाळावर हात मारला. रविवारी सुरू केलं की सातवा दिवस शनिवार, हे साठ जणांत कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं!

दादाजींनी खाली ठेवलेली एक लहान पितळी गंजी उचलली, झाकण काढलं. आत भगर होती, वाफाळती.

"मले काय माहीत नाई का?" ते म्हणाले. "चौतीस वर्सं पाहून राह्यलो."

दिव्यानी कादंबरी विसरून सासऱ्यांकडे बघत राहिली. असला नवरा तिला हजार वर्षं पुढे जाऊनही सुचला नव्हता! सुगंधाबाईंनी पहिला घास तोंडात घातला. दादाजी समोर उकिडवे बसून बघत होते, बारावीचा निकाल लागायचा असावा तसे.

घास तोंडात फिरला. सुगंधाबाई थांबल्या. भगरीत कांदा होता! चांगला मूठभर, बारीक कापलेला, लाल परतलेला!

चौतीस वर्षांचे शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग त्यांनी त्या पीठ लागलेल्या मिशीकडे पाहिलं. डोळे मिटले, मनात देवाला काहीतरी सांगितलं आणि घास गिळला. मग दुसरा. मग तिसरा.

"कांदा?" अंजनाबाईंना वास आलाच. "अवो दादाजीभाऊ! उपासाले कांदा चालते का?"

"काऊन नाई?" दादाजी छाती काढून म्हणाले. "कोमलकुमारानं घातला होता. चौथा अध्याय!"

म्हणजे डोळे मिटून ते ऐकत होते तर!

दिव्यानीची कादंबरी छापायला गेली, एकसष्ट अभिप्रायांसह. आणि सुगंधाबाईंनी कांद्याचं प्रायश्चित्त म्हणून आपल्या मनाने अकरा शनिवारांचा वेगळा नेम धरला. पुढच्या शनिवारी सकाळी त्यांनी पितळी गंजी घासून दादाजींपुढे ठेवली.

"हे काऊन?" दादाजी घाबरले. "उद्यापन झालं ना!"

"झालं," सुगंधाबाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "पण कांदा कोनी घातला होता? अकराही भगरी तुमच्याच हातच्या, असं बोलून बसलो मी देवाजवळ."