जोमाकाकांचा फ्रिज

जोमाकाका कुणाच्याही घरी आले की आधी फ्रिजला कान लावतात. माणसांची विचारपूस त्यानंतर. डोळे मिटून, मान तिरकी करून असे ऐकत उभे राहतात की आपण घाईघाईने मिक्सरसुद्धा बंद करतो.

काका खांदेश्वरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहतात. बिल्डिंग मुळात त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. त्यामुळे इथल्या कुठल्याही घरात शिरायचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यातून फ्रिज बिघडला म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. दाराचं रबर ढिलं आहे का हे बघायला ते दारात कागद अडकवून ओढतात. कागद म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडतात; आमचा मे महिना असाच गेला. मग फ्रिज पुढे ओढून मागची जाळी झाडतात आणि म्हणतात, "याला पन श्वास लागतो." दुसऱ्या मजल्यावर एकदा हे सगळं साग्रसंगीत पार पडल्यावर कळलं की बटणच बंद होतं. काकांनी ते चालू केलं, "गुन आला" म्हणाले आणि चहा घेऊनच उठले.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा आमची पाळी आली. माझ्या बायकोने, सुनीताने, पहिल्यांदाच घरच्या श्रीखंडाच्या ऑर्डर घेतल्या होत्या. चक्का मोठाल्या पातेल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि दुपारी बघते तर फ्रीझर गार, खालचा भाग कोमट. चक्का आंबला असता तर तिने पुन्हा असली हिंमत केली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. सर्व्हिस सेंटरच्या फोनवर नुसतं संगीत वाजत होतं. सुनीता रडकुंडीला आली. मी धावत खाली गेलो.

काका अनवाणीच वर आले. कान लावला, वरचं दार उघडलं, खालचं उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वर बरफ, खाली भट्टी. मोटर ठीक हाय, वाराच खाली येत नाय."

मागच्या बाजूला गार हवा यायची फट असते. तिच्यात आधीच बर्फ साचला होता आणि सुनीताने पातेलं बरोब्बर तिथेच टेकवलं होतं. फ्रिज बंद करून, दार सताड उघडं टाकून बर्फ आपोआप उतरू द्यायचा, सुरी लावायची नाही, असा हुकूम झाला. म्हणजे उद्यापर्यंत फ्रिज नाही.

मी म्हटलं, मग चक्का तुमच्याकडे ठेवू. तर इतका वेळ उड्या मारणारे काका एकदम मागे सरले. "माझा फ्रिज बारका हाय," असं काहीतरी पुटपुटले. पण पातेली उचलून आम्ही निघालोसुद्धा होतो.

फ्रिज चांगला मोठा होता. आत दुधाची एक पिशवी आणि बाकी कप्प्याकप्प्यात पाण्याच्या बाटल्या. काकू गेल्यापासून काकांना डबा येतो, हे आम्हाला माहीत होतं. मग त्यांच्या फ्रिजमध्ये काय असणार, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. सुनीता बाटल्यांकडे बघत राहिली. बाटल्यांनी गारवा टिकतो, असं काका घाईघाईने समजावू लागले.

संध्याकाळभर त्यांचे फोन येत होते. चक्का मजेत हाय, एवढंच सांगायला.

पाडव्याला श्रीखंड असं झालं की लोकांनी डब्याची झाकणंसुद्धा चाटली असतील. आमचा फ्रिजही झकास गार झाला. उरलेली पातेली आणायला मी खाली गेलो तर काका फ्रिजसमोर आडवे उभे.

"राहू दे ना दोन दिस," ते म्हणाले. "दार उघडलं का घरात कोन तरी हाय असं वाटतं."

मी पातेली तिथेच राहू दिली. वर येऊन मी ते सुनीताला सांगितलं. तिने आमच्या फ्रिजमधली भाजी, लोणी, अंडी पिशवीत भरली, तशीच खाली गेली आणि म्हणाली, "काका, आमच्याकडे जागाच पुरत नाही हो. हे रोजचंच तुमच्याकडे ठेवलं तर चालेल?"