याकूब कोचचे वकील

इनास अंकल फुटबॉलच्या मॅचला येतात आणि मैदानाकडे पाठ करून बसतात.

हे मी गमतीने लिहीत नाही. इथे बहारीनमध्ये, बुसैतीनला आमच्या कॉलेजची टीम ज्या मैदानावर खेळते, तिथे रेषेच्या बाहेर आमच्या टीमचा बाक आहे. अंकल घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणतात, ती बाकाच्या अगदी समोर ठेवतात आणि बाकाकडे तोंड करून बसतात. रेफरीने त्यांना दोनदा हटवलं आहे. ते खुर्ची दोन हात सरकवतात, पण वळवत नाहीत. एकदा बॉल त्यांच्या पाठीत जोरात बसला. मागे न बघता त्यांनी विचारलं, "थ्रो कोणाचा? आपला की त्यांचा?"

मॅच त्यांना कोचवरून कळते. याकूब कोचने टोपी मागे सरकवली की कॉर्नर, काढून हातात घेतली की फ्री किक आणि जमिनीवर आपटली की आपल्यावर गोल. दोन सीझनमध्ये याकूब कोचच्या तीन टोप्या झाल्या. यावरून आमच्या टीमचं काय चाललं होतं त्याची कल्पना येईल.

अंकल वसईचे. सव्वीस वर्षं बहारीनमध्ये आहेत. हूरातल्या एका हॉटेलात लाँड्री सुपरवायझर आहेत आणि गुदैबियात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. बायको आणि मुलगा गावाला. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे चर्चमधली रविवारची मिसाही ते शुक्रवारीच ऐकतात. मग जेवण, मग मॅच. माझे बाबा एसी मेकॅनिक आहेत. ते भेटले की अंकल हात मिळवायच्या आधी त्यांची कॉलर बघतात. "गरम पाण्यात टाकलास ना शर्ट? सांगितलेलं तुला." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून मला ते प्रोफेसरबाई म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं चिडवतात. आता वाटतं, थोडं चिडवतात आणि थोडं खरंच म्हणतात.

त्यांचा आवडता शब्द खलास. "खलास, विषय संपला," असं म्हणून ते पुढची दहा मिनिटं बोलतात.

या वर्षी सीझन संपल्यावर याकूब कोचना काढलं. दोन वर्षांत एक विजय, तोही समोरच्या टीमची बस वाटेत बंद पडल्यामुळे. काढण्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. भांडण झालं ते बोर्डवरून. आमच्या कॉलेजात एक लाकडी बोर्ड आहे, त्यावर प्रत्येक हेड कोचचं नाव सोनेरी अक्षरांत रंगवलेलं असतं. याकूब कोचचं नाव घालायचं की नाही, हे क्रीडा विभागाने आम्हा पाठीराख्यांच्या गटावर सोडलं. मी गटाची सेक्रेटरी आहे. म्हणजे चिठ्ठ्या लिहिते, मेसेज पाठवते. मत द्यायची वेळ आली की मी वहीत डोकं घालते.

मतदानाच्या आदल्या शुक्रवारी आम्ही गुदैबियातल्या नेहमीच्या हॉटेलात करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा घेत बसलो होतो. अंकल गटाचे सभासद नाहीत, त्यांना मत नाही. पण त्यांना बोलावलं नव्हतं असंही म्हणता येणार नाही, कारण त्यांना कधीच बोलवावं लागत नाही.

निमिष आमच्यातला सगळ्यात हुशार. त्याचे वडील पुण्याचे, बँकेत आहेत. तो म्हणाला, "अंकल, बोर्ड म्हणजे अचीव्हमेंट असते. हा माणूस टू-वन लीडवर असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत बेंचवरच्या पाचही जणांना आत पाठवतो. एव्हरी मॅच! आणि आपण थ्री-टू हरतो. हू डज दॅट?"

"हरलो तर हरलो. तुझा पगार कापला का कोणी?"

"मी स्टुडंट आहे, अंकल. मला पगार नाही."

"मग तुझं नुकसान काय? खलास." अंकलनी समोसा मोडला. "आता माझं ऐक. तुमच्या टीमच्या जर्स्या धुवायला कोणाकडे येतात? माझ्याकडे. आधीचा कोच, कप जिंकलेला, त्याच्या वेळी पिशवीत सोळा यायच्या. त्यातल्या पाच कोऱ्या. घाम नाही, माती नाही. नुसती पाठीवर बाकाच्या धुळीची रेघ. दर आठवड्याला त्याच पाच, तेच नंबर. मी त्या धुवायचो. आलेला कपडा धुवायचा, हा नियम आहे. पण काय धुवायचं होतं त्यात? याकूबच्या दोन वर्षांत एक जर्सी कोरी आलेली नाही. एक नाही! लाँड्रीवाल्याला विचार."

"मग त्यांचं नाव लाँड्रीत लावा ना," निमिष म्हणाला.

सगळे हसले. अंकलही हसले. "लावलं असतं रे. मॅनेजर खिळा ठोकू देत नाही."

पण नंतर अर्धा समोसा तसाच ठेवून ते उठले. खलास न म्हणता त्यांनी विषय सोडला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी चालत येताना मी धीर करून विचारलं, "अंकल, तुम्हाला याकूब कोच इतके का आवडतात?"

"मी कोचला बघतो, असं वाटतं ना सगळ्यांना?" ते म्हणाले. "मी त्याच्या मागे बसलेल्यांना बघतो."

मग त्यांनी सावियोचं सांगितलं. सावियो त्यांचा मुलगा. वसईला कॉलेजात असताना तीन वर्षं टीममध्ये होता. अंकल फोन करायचे आणि विचारायचे, किती गोल झाले? तो टीमचे गोल सांगायचा. अंकल इथे लाँड्रीत सगळ्यांना ऐकवायचे, माझ्या मुलाने आज तीन गोलांनी मॅच जिंकली.

"तिसऱ्या वर्षी सुट्टीवर गेलो. कपाटात त्याची जर्सी होती. बाय, आमची सवय वाईट. कपडा दिसला की हातात घेणार. कॉलर बघितली, शिवण बघितली. अगदी नव्यासारखी. आणि मी त्याला म्हटलं, वा सावियो, किती छान ठेवलीस जर्सी!"

ते जिन्याशी थांबले.

"शाबासकी दिली मी त्याला. त्याने ती घेऊन परत कपाटात ठेवली. रात्री जेवायला आला नाही. आणि मला कधी कळलं, सांगू? परतीच्या विमानात. इतक्या वर्षांचा लाँड्रीवाला मी, आणि तीन वर्षं कोरी राहिलेली जर्सी मला ओळखता आली नाही."

"मग तुम्ही त्याच्याशी बोललात?"

"काय बोलू? आता तो बँकेत आहे. चांगलं चाललंय." मग पायरी चढता चढता म्हणाले, "फोन करतो मी. हवापाणी विचारतो."

पुढच्या आठवड्यात मतदान झालं. राखीव खेळाडूसुद्धा आमच्या गटाचे सभासद असतात, पण मीटिंगला सहसा येत नाहीत. मी त्या पाचही जणांना वेगवेगळा फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. पाचही जण आले. चौदा मतं बाजूने, सात विरोधात. बाजूच्या चौदांत माझं एक होतं. निमिषने विरोधात हात वर केला, आणि मग मतं त्यानेच मोजली, एकही न चुकवता.

नाव रंगवून झालं त्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी अंकलकडे गेले आणि बोर्डचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला, रंगाला नावं ठेवली आणि आपल्या फोनवर घेतला. मग म्हणाले, "सावियोला पाठवतो. खाली काय लिहू, प्रोफेसरबाई?"

मी म्हटलं, "ते तुम्हीच लिहायला हवं, अंकल."

बराच वेळ ते एका बोटाने टाइप करत होते. मग फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, "तुला कधी आत पाठवलं होतं का रे?"

त्यांनी चहा केला. चहा गार झाल्यावर उत्तर आलं. "एकदा. शेवटची दहा मिनिटं. लेफ्टला होतो."

अंकलनी लगेच फोन लावला. "हां, सावियो. लेफ्टला? मग? समोर कोण होता?"

मी कप विसळून ठेवले आणि दार हळूच ओढून वर आले. खालून त्यांचा आवाज येत होता. मग? मग तू काय केलंस? दहा मिनिटांचा तो खेळ सांगून व्हायला दोघांना पाऊण तास लागला.