वेस्टर्नची सोय

ज्या गोष्टीची आठवण येते ती माणसाने आधी पाहिलेली असावी लागते, असा एक जुनाट समज समाजात अजून टिकून आहे. तो मागच्या पिढीचा. त्या पिढीकडे वेळ होता; ती आधी पाहायची, मग विसरायची, मग आठवायची. आमच्या पिढीला नोकरी आहे, लेकरं आहेत, दोन वर्षांचा करार आहे. आम्ही सरळ आठवतो.

याच तत्त्वावर दोह्यात ‘कतार मराठी वेस्टर्न मालिका स्मरणरंजन मंडळ’ (नोंदणी : इन्शाल्ला) कार्यरत आहे. फार पूर्वी परदेशी टीव्हीवर घोडे, टोप्या, पिस्तुलं आणि सुरुवातीला लांबलचक शीळ असलेल्या ज्या मालिका लागायच्या, त्यांच्या आठवणीने व्याकूळ होणं हा मंडळाचा उद्देश. सदस्यांचं सरासरी वय तेहतीस. या मालिका बनायच्या थांबल्या तेव्हा सदस्यांचे आईवडील शाळेत होते. यावरून कुणी हसू नये. ज्याने मालिका पाहिली त्याला तिच्यातले कंटाळवाणे भागही आठवतात, त्यामुळे त्याचं व्याकूळ होणं भेसळीचं असतं. म्हणून सदस्यत्वासाठी एकही भाग पाहिलेला नसणं इष्ट मानलं जातं. (एकाने दोन भाग पाहिले होते. त्याला सहयोगी सदस्य म्हणून घेतलं आहे.)

अध्यक्ष कुणाल एका बँकेत जोखीम मोजतो. सचिव चारुलता आयटीत आहे. मंडळाच्या शुद्धता उपसमितीची ती एकमेव सदस्य आहे; आणखी माणसं घेतली तर शुद्धता कमी होईल, असा ठराव उपसमितीने एकमताने केलेला आहे. टोप्या एशियन टाउनमधून, म्हणजे कामगारांच्या बाजारातून, येतात. त्या खरं तर बांधकामावर उन्हात घालायच्या असतात, पण दोन्ही बाजूंच्या कडा वर करून स्टेपल मारले की काम होतं. सभा अल गराफात, कुणालच्या हॉलमध्ये, एसी अठरावर ठेवून आणि टीव्हीवर वाळवंटाचं चित्र लावून होतात. बाहेर खरं वाळवंट असल्यामुळे वाळवंटाचं वातावरण निर्माण करणं फार अवघड जातं, अशी खंत अध्यक्षांनी वार्षिक अहवालात व्यक्त केली आहे.

माझा या मंडळाशी काही संबंध नव्हता. मला ईशा नावाची आठ महिन्यांची मुलगी आहे आणि आठवण येते ती फक्त झोपेची. (झोप मी पूर्वी पाहिलेली आहे, त्यामुळे ती आठवण मंडळाच्या व्याख्येत बसत नाही.)

संबंध आला तो एका शब्दामुळे. माझे सासरे देवीदास पूर्वी दुखानला तेल कंपनीत फिटर होते. निवृत्त होऊन विट्याला गेले, गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, आणि आता नात बघायला व्हिजिट व्हिसावर येणार होते. त्याच सुमारास मंडळाचा हिवाळी कॅम्प ठरला, पश्चिम किनाऱ्यावर, दुखानच्या अलीकडे. बाबांना त्यांचा जुना मुलूख दिसेल म्हणून आम्हीही नाव दिलं आणि मी अध्यक्षांना मेसेज करून एक व्यावहारिक प्रश्न विचारला. तो संवाद जसाच्या तसा देते. दडवून उपयोग नाही, मंडळाने तो स्मरणिकेत छापला आहे.

“कुणाल, सासऱ्यांना घेऊन येतोय. पण त्यांना वेस्टर्नच लागतं. इंडियन अजिबात जमत नाही. सोय होईल का?”

“वहिनी, काय सांगता! वेस्टर्नच? कधीपासून?”

“दुखानला कंपनीच्या खोलीत होतं ना, तेव्हापासून सवय.”

“रोज?”

“रोज. उठल्या उठल्या.”

“बाप रे. आणि दिवसभरात परत?”

“ते तब्येतीवर आहे.”

“वहिनी, असाच माणूस शोधत होतो आम्ही. सोय थेट स्टेजवर करतो.”

“स्टेजवर कशाला? जरा आडोशाला असलं तर बरं.”

“एवढे साधे आहेत? छे छे. मधोमध, लाइटखाली, सगळ्यांसमोर.”

ईशा तेव्हा माझ्या खांद्यावर होती आणि तिचा आवाज शेजारच्या व्हिलापर्यंत होता. शेवटची ओळ मी नीट वाचली नाही. हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं.

बाबा आले आणि पहिल्याच दुपारी आमच्या घरात एक क्रांती झाली. ईशाला झोपवण्याचे अधिकृत मार्ग तोवर संपलेले होते. मांडीवर, झोळीत, गाडीत बसवून समुद्रकाठच्या कॉर्निशला चक्कर. वॉशिंग मशीन चालू करून त्याच्याशेजारी. (कपडे नव्हते, तरी.) बाबांनी तिला पोटाशी धरलं, दाराबाहेर बघत बसले आणि ओठ न हलवता काहीतरी गुणगुणले. आधी घोडा दुडक्या चालीने जावा तसं, मग वर चढणारी एक शीळ, मग एक वळण, आणि त्यानंतर फार मऊ, फार सावकाश काहीतरी. ईशाने त्यांच्या बनियनची कड मुठीत धरली आणि झोपली.

“बाबा, हे काय म्हणालात?”

“हे व्हय? घोड्याचं गानं. टीव्हीवरचं.”

वरुण, म्हणजे माझा नवरा, तिथेच सोफ्यावर झोपला. मीही उभ्याउभ्या झोपले असेन, कारण मधला काही वेळ हिशेबात लागत नाही.

बाबांचा व्हिसा महिन्याचा होता. म्हणजे महिन्याभरात ते गाणं मला यायला हवं होतं. मी ते फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. ईशाला फोन दिसला की ती चाटायला धावते. मी स्वतः म्हणून पाहिलं. त्यावर ईशाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी झेरॉक्स घेऊन आले आहे आणि खिडकीवर मूळ प्रत मागताहेत. तरी मी शिकत होते. वळणापर्यंत जमायचं. पुढचं मऊ असं काही यायचं की ते लक्षात ठेवायच्या आत मलाच डुलकी लागायची.

कॅम्पच्या दिवशी तंबूवर मोठा फलक होता : ‘वेस्टर्नशिवाय ज्यांची सकाळ होत नाही असे ज्येष्ठ रसिक, मा. देवीदासजी’. खाली बाबांचा पासपोर्टवरचा फोटो, त्यावर काढलेली टोपी. फलकाचा अर्थ मला तिथे, उंटासमोर उभी असताना लागला. (घोडा मिळाला नव्हता.) बाबांना अर्थ लागला नाही, त्यांना सोय हवी होती. त्यांना स्टेजवर नेऊन लाकडी ओंडक्यावर ठेवलेल्या खोगिरावर बसवलं. शस्त्रक्रिया झालेल्या दोन्ही गुडघ्यांनी त्यांनी पाच मिनिटं ते सोसलं. मग कुणालला जवळ बोलावलं.

“लेका, वेस्टर्न कुठंय?”

“बाबा, हे सगळं वेस्टर्नच आहे.” कुणालने हात फिरवून टोप्या, उंट, शेकोटी दाखवली.

बाबांनी सगळीकडे नजर फिरवली. “उघड्यावरच?”

वरुणने त्यांना गाडीत घातलं आणि दुखानच्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप गाठला. इकडे चारुलताने माइक घेतला : “प्रमुख पाहुणे जुन्या आठवणींना मोकळी वाट करून देण्यासाठी दुखानकडे रवाना झाले आहेत. यल्ला, तोवर आपण वडे घेऊ.”

परत आल्यावर बाबा बरेच हलके दिसत होते. खुलासा झाला. कुणालचा चेहरा पडला. तो म्हणाला, “म्हणजे बाबा, तुम्ही वेस्टर्न मालिका अशा बघितल्याच नाहीत?”

“मालिका? बघितल्या की. कंपनीच्या हॉलमधे लागायच्या. आपला भाग पश्चिमेला म्हनून वेस्टर्न. त्याचंच तर गानं म्हनतो मी पोरीला.”

कुणालने टोपी काढून छातीशी धरली. म्हणजे आमच्या घरातलं ‘घोड्याचं गाणं’ हे ज्या दुःखासाठी मंडळ स्थापन झालं होतं तेच होतं. बाबांना पुन्हा वर नेलं, या वेळी खुर्चीवर. मांडीवर ईशा. त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. शीळ वर चढली, वळली, मऊ झाली. पाहता पाहता ईशा झोपली. मग पुढची रांग. सदस्यांपैकी एकसष्ट टक्के लोकांना पाच वर्षांखालची मुलं आहेत. कुणाल टोपीत तोंड घालून हुंदके देत होता आणि हुंदक्यांच्या मधे घोरत होता. टोपीतल्या एका लहान मुलाने मोठ्याने विचारलं, “मम्मा, इज ही अ रिअल काउबॉय?” त्याची आईही झोपलेली होती.

एकटी चारुलता जागी होती. तिला मूल नाही.

तिने घरी जाऊन मालिका शोधली, मूळ धून मिळवली, दोन्ही शेजारी लावून तपासल्या आणि शुद्धता उपसमितीची तातडीची बैठक (उपस्थिती : शंभर टक्के) घेतली. निष्कर्ष असा : वळणापर्यंतचा भाग मुळाबरहुकूम, वळणानंतरचा मुळात कुठेही नाही. सबब, प्रमुख पाहुण्यांच्या स्मृतीत पन्नास टक्के भेसळ असून ती त्यांच्या वास्तव्यातच दूर करण्यात यावी.

पुढचे दोन शुक्रवार चारुलता हेडफोन घेऊन आमच्याकडे आली. बाबा कंपनीतले. सेफ्टीवाला सांगेल तिथे सही, मॅनेजर सांगेल तसं हेल्मेट. त्यांनी शुद्ध धून मन लावून शिकून घेतली. वळणानंतर मुळात तुताऱ्या होत्या, ढोल होता, टेकडीवर घोडा दोन पायांवर उभा राहिल्यासारखं काहीतरी होतं. “खलास, काका. परफेक्ट,” चारुलता म्हणाली आणि तिने त्यांना प्रमाणपत्र दिलं.

त्या दुपारी बाबांनी ईशाला शुद्ध धून म्हटली. घोडा दोन पायांवर उभा राहिला. ईशाही.

“बाबा, जुनं म्हणा ना,” मी म्हणाले.

“जुनं चुकीचं होतं ना पोरी.”

“असू दे चुकीचं. म्हणा.”

त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. वळणापाशी आले आणि तुताऱ्यांत शिरले. पुन्हा केली. पुन्हा तुताऱ्या. तिसऱ्यांदा ते वळणावरच थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. “आत हुतं,” ते म्हणाले. “आता गावंना.”

गुरुवारचं विमान होतं. ईशा रडत होती, मी वॉशिंग मशीनकडे बघत होते, वरुण ऑफिसच्या कॉलवर म्यूटचं बटण शोधत होता. मला एवढंच कळेना, आणि मी ते बोलूनही दाखवलं, की इतकी वर्षं मालिका बघून माणूस चुकीचं पाठ करतोच कसा.

“चुकीचं न्हवं, ऐकलंच न्हाई,” बाबा म्हणाले. “हिवाळ्यात मालिका नेमकी मगरिबला, दिवस बुडताना लागायची. शीळ वर चढली की अजान व्हायची, टीव्हीवर मशीद यायची. आमी उठून भात लावायचो. परत येईस्तवर घोडा डोंगरापल्याड. अन् उन्हाळ्यात आमी सुट्टीला. उरलेलं ज्यानं त्यानं मनानं लावायचं. माझ्या खोलीतला धनाजी तर पुढं बँडचं लावायचा, वरातीचं.”

“आणि तुम्ही?”

“कुनाला ठावं. तोंडात यील ते.”

एवढ्यात विट्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या, म्हणजे केसरबाई, विमानात बसायला तयार नाहीत, कारण त्यात इंडियन नसतं. पडद्यावर आधी त्यांचं कपाळ दिसलं, मग कान. त्यांना रडणं ऐकू गेलं.

“दुर्गे, का गं रडवताय लेकराला? धर तिला हिकडं.”

मी ईशाला फोनसमोर धरलं. सासूबाई गुणगुणायला लागल्या. मऊ, सावकाश. बाबा खुर्चीवरून उठून फोनजवळ आले, गुडघ्यांना न विचारता. वळणानंतरचं सगळं तिथे होतं, एकही सूर इकडचा तिकडे नव्हता. ईशाने फोन चाटला आणि त्याच्यावरच गाल टेकून झोपली.

“आई, हे कुठलं?” मी हळूच विचारलं.

“कुठलं म्हंजे? माझंच. वरुण रडायचा तवा म्हनायचे. हे सुट्टीवर आले की उंबऱ्यात बसून ऐकायचे. अन् तिकडं गेले की शेजारच्या दुकानात फोन करायचे, मला बोलवून घ्यायचे, अन् मलाच म्हनून दाखवायचे. म्हनायचे, केसर, हितलं इंग्रजी गानं ऐक. म्या म्हटलं, असंल बाई, इंग्रजांचंबी असंच असंल.”

“सांगितलं नाहीत कधी?”

“फोनला पैसं पडायचं. तेवढ्यात काय वाद घालायचा?”

बाबांनी पडद्यावरच्या कानाकडे पाहिलं. मग त्यांनी चारुलताला फोन लावला. “पोरी,” ते म्हणाले, “तुझं बरोबर हाय. पर माझं चुकलेलं मला माघारी पायजे.”

मंडळाने या प्रकरणाची गंभीर दखल घेतली. विशेष सभेत पुढील ठराव मंजूर झाला : केसरबाईंनी सदर मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही, मालिकेचं नाव त्यांना ठाऊक नाही, आणि तरी अर्धी धून त्यांच्याकडून आलेली आहे, सबब पात्रतेच्या सर्व अटी पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्याच व्यक्ती असून त्यांना आजीव अध्यक्ष करण्यात यावं. (सूचक : कुणाल. अनुमोदन : शुद्धता उपसमिती, डोळे पुसत.) टोपी कुरिअरने विट्याला गेली. सासूबाई ती घालून कोथिंबीर निवडतात.

बाबा गुरुवारी गेले. जाण्याआधी त्यांनी दोन दुपारी फोन समोर ठेवून बायकोकडून आपलंच गाणं परत शिकून घेतलं आणि शेजारी बसून मी पण. आता शीळ बाबांची, पुढचं आईंचं. मधलं वळण मला अजून नीट जमत नाही, तिथे माझं काहीतरी जातं. ईशाने ते चालवून घेतलं आहे. ती झोपली म्हणून तर एवढं लिहून झालं.

(हलली. नाही, झोपली.)

शेवटी एक प्रशासकीय बाब. या मालिकेचं नाव मी वर कुठेही दिलेलं नाही. धून लिहिलेली नाही. घोड्याचा रंगसुद्धा सांगितलेला नाही. तरीही मघापासून तुमच्या कानात एक शीळ वाजते आहे आणि उगाचच काही हरवल्यासारखं वाटतं आहे. अभिनंदन. तुमचं सदस्यत्व मंजूर झालं आहे. टोपी एशियन टाउनला मिळेल, स्टेपलर आपला आणावा. फक्त ती शीळ वळणापाशी आली की पुढचं नीट ऐका. ते जिचं आहे तिला आज एक फोन करा. तिला अजून वाटतं आहे की ते इंग्रजी असेल.