शेपटी कोणत्या राज्यात होती?

शहाडच्या नव्या शेडसमोर टेम्पोची मागची फळी खाली आली, ताडपत्री वर गेली आणि दाखल्यावरच्या ‘डुकरीण, एक नग’ऐवजी आठ जीव बाहेर पाहू लागले.

“मास्तर, हे काय?” शेडचे मालक गोपीनाथ ओरडले. “यो तर वाढलेला माल हाय!”

“विकणाऱ्यानं व्यायला अजून आठ दिवस सांगितले होते,” उत्तमराव म्हणाले.

वर्तकनगरचे उत्तमराव तंत्रशाळेतून निवृत्त झालेले निदेशक. गुजरातेतून डुकरीण आणायची म्हणजे तिकडच्या डॉक्टरचा आरोग्य दाखला, कानात बिल्ला आणि इथे उतरल्यावर विलगीकरण; हे सगळे कागद मित्राखातर त्यांनीच तयार केले होते. त्यांच्या अर्जात आजवर एकही खाडाखोड झालेली नव्हती. ‘प्रवासात जनावराने काय खाल्ले’ या रकान्यातही ‘निरंक’ असा सुबक शब्द होता.

तपासणीला आलेल्या पशुवैद्यक हेमाताईंनी पिल्लं दोनदा मोजली. “सात. महाराष्ट्रात जन्मली असतील तर प्रश्नच नाही. गुजरातेत जन्मली असतील, तर दाखल्याशिवाय हद्द ओलांडली. परत न्यावी लागतील, आईसकट.”

“या उन्हात? मरतील ना बाय ती!” गोपीनाथ म्हणाले. मग ते उत्तमरावांच्या कानाशी लागले. “सांगा ना, पालघरला झाली म्हनून.”

“नोंद आहे,” उत्तमराव खिन्नपणे म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. “दहा अडतीस. वाहनांच्या रांगेत थांबलो. सीमेचा फलक टेम्पोच्या बरोबर मध्यावर. दहा चव्वेचाळीस, आतून धप्प असा आवाज. दहा पन्नास, पहिली किंकाळी. अकरा वीस, सातवी. अकरा तीस, रांग हलली.”

“कोनी सांगितलेला लिवायला!” गोपीनाथांनी कपाळावर हात मारला.

“म्हणजे केबिन महाराष्ट्रात आणि मागची फळी गुजरातेत?” हेमाताईंनी विचारलं. “मग शेपटी कुठल्या बाजूला होती?”

असा प्रश्न उत्तमरावांना तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर टेम्पोचा आराखडा काढला. वरून एक, बाजूने एक. सीमेची रेषा तुटक दाखवली. डुकरिणीला मात्र शेपटी काढताना त्यांचा हात थांबला. “भरताना तोंड केबिनकडे होतं. म्हणजे शेपटी... गुजरात.”

“अहो, ती वळली असेल!” गोपीनाथ म्हणाले.

“पुरावा नाही. ताडपत्री बंद होती.”

“साहेब, मीच बोललेलो उघडू नका, बिथरेल म्हणून,” चालक काळुराम अपराधी स्वरात म्हणाला.

गोपीनाथ शेडच्या पायरीवर मटकन बसले. वर्षभर परवानग्यांसाठी हेलपाटे घातले होते. आतून त्यांच्या पत्नी जयाबाई विचारत होत्या, “आली का तुमची राणी?”

हेमाताई तोवर डुकरिणीचे दात तपासत होत्या. त्यांनी चिमट्याने एक पांढरी चिंधी बाहेर ओढली. तिला प्लास्टिकचं बक्कल लोंबकळत होतं. “हे काय खाल्लंय हिनं?”

“माझी टोपी!” उत्तमराव दचकले. त्यांनी वहीतलं ‘हरवलेल्या वस्तू’चं पान उघडलं. “राहिलीच की एक नोंद! दहा त्रेचाळीस. मागच्या फळीला अडकवलेली टोपी नाहीशी. संशय: वारा.”

हेमाताईंनी सावकाश एकेक बोट दुमडत मांडणी केली. “त्रेचाळीसला टोपी खाल्ली. म्हणजे तोंड मागच्या फळीकडे. चव्वेचाळीसला धप्प, म्हणजे तिथल्या तिथे आडवी झाली. मग शेपटी...”

“केबिनकडे!” उत्तमराव किंचाळले. “महाराष्ट्र!”

“जय महाराष्ट्र!” काळुरामने आरोळी ठोकली. गोपीनाथांनी मास्तरांना मिठी मारली, तेव्हा त्यांच्या हातातलं एक पिल्लू दोघांच्या मधे चेंगरता चेंगरता वाचलं. उत्तमरावांनी आराखड्यात डुकरीण उलट करून शेपटी काढली. ठळक, गोलसर आणि अतिशय देखणी.

हेमाताईंनी पिल्लांची नोंद केली, विलगीकरणाचा फलक लावायला सांगितला आणि शिक्का हातात घेऊन त्या थबकल्या. अर्ज त्यांनी उत्तमरावांपुढे सरकवला.

“एवढं मात्र दुरुस्त करा, सर. हा रकाना.”

उत्तमरावांनी डोळे मिटले, पेनाचं टोपण काढलं आणि आयुष्यातली पहिली खाडाखोड केली. ‘निरंक’ खोडून वर सुबक अक्षरात लिहिलं:

‘टोपी, एक नग.’